ओल्या गोणपाटातला पुरावा

हैदराबाद संस्थान असताना राजधानीतल्या एका महाविद्यालयात मी पदवीच्या मुलांना भूशास्त्र शिकवीत असे. व्याख्याने उर्दूतून होत. आज डोळे मिटले की तो वर्ग मात्र दिसत नाही. दिसते ते बीदरचे लाल पठार, उन्हात तरंगणारे, कडेशी येताच अचानक संपणारे. दर हिवाळ्यात मी मुलांना तिथे, नौबादजवळच्या जांभ्याच्या खाणीवर नेई. खाणीच्या ओलसर भिंतीवर हात ठेवला की बोटे लाल होत, आणि का कोण जाणे, सगळी मुले हळू आवाजात बोलू लागत.

त्याच खाणीत चिरे काढणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा माझ्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात होता. प्रात्यक्षिक परीक्षेत त्याच्यापुढे कपाटातला जांभ्याचा तुकडा आला. त्याने लिहिले, 'जमिनीत असताना मऊ, कुऱ्हाडीने कापता येतो. वारा लागल्यावर कठीण होतो.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तुकडा टेबलावर आपटून पाहिला आणि उत्तराला शून्य दिले. त्या शून्यापायी मुलगा नापास झाला आणि पदवीवाचून बापाच्या खाणीत परतला.

मी संतापलो. नियमावलीत फेरतपासणीचे कलम होते, वस्तुरूप पुरावा जोडण्याची मुभा होती, आणि अर्जाचा निकाल पंधरा दिवसांत लागावा असे स्वच्छ लिहिले होते. सात पानी अर्ज लिहून मी नौबादला गेलो व मुलाच्या वडिलांकडून ताजा चिरा कापून घेतला.

"मास्तर, दगूड कामून न्यायलाव?" त्यांनी विचारले.

"पुरावा म्हणून."

"वारं लागलं की ह्यो कुनाचं ऐकत न्हाई बगा."

"ओल्या गोणपाटात बांधू. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे. नियमच आहे तसा."

त्यांनी मुलाकडे पाहिले आणि गोणपाट भिजवले.

लाखेची मोहर लावलेले ते गाठोडे परीक्षा कचेरीत पोचले, आणि तिथल्या कपाटात उन्हाळाभर, पावसाळाभर झोपून राहिले. मी स्मरणपत्रे धाडीत होतो. स्वप्नात मला तो चिरा दिसे, काळोखात कणाकणाने आवळत जाणारा. दिवाळीनंतर उत्तर आले: 'सोबतचा दगड तपासला. कठीण आढळला. अर्ज नामंजूर.'

ते मी खाणीवर जाऊन वाचून दाखवले.

"बराबरच हाय की," वडील म्हणाले. "हापिसात बसून मानूस कडक व्हतंय, मग दगूड कामून न्हाई व्हनार?"

मुलगा हसला. मला हसता आले नाही. जन्मभर दगड शिकवणाऱ्याने दगडाऐवजी कलमावर विश्वास ठेवला होता, आणि त्याची शिक्षा या मुलाला झाली होती.

त्यानंतर मी एकच मागणी लावून धरली: जमिनीच्या दाव्यात होते तशी प्रत्यक्ष मौक्यावर जाऊन तपासणी व्हावी. पत्रामागून पत्र गेले. अखेर थंडीतल्या एका सकाळी तेच परीक्षक स्वतः खाणीत उतरले. लाल खळग्यात धुके दुधासारखे साचले होते. त्यात आम्ही चौघे कमरेपर्यंत बुडालेले. मुलाने कुऱ्हाड त्यांच्या हाती दिली. त्यांनी हलकेच घाव घातला. पाते आत शिरले, आवाजसुद्धा झाला नाही. त्या फटीत त्यांनी बोट घातले, ते लाल होऊन बाहेर आले.

"क़लम दीजिए," ते मला म्हणाले, आणि पंचनाम्यावर तिथेच सही केली.

महिन्याभराने हुकूम आला. मुलगा उत्तीर्ण, मात्र हा निकाल इतर कोणासाठी दाखला समजू नये, अशी खाली पुस्ती. खाणीच्या काठावर उभा राहून मी त्या पुस्तीचा कायदेशीर समाचार घेऊ लागलो, तसे वडील मुलाकडे वळले.

"पास हाय का न्हाई, येवढंच सांग."

"हाय, अप्पा."

"मग धर कुऱ्हाड. ह्यो चिरा सांजच्या आत घडवाया पायजे."