माझी तटबंदी आणि सुनंदाच्या गोळ्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग चहाचा कप तोंडाला लावा. मागाहून हसलात तर ठसका लागेल. माझ्या ह्या पराक्रमावर आमची वाडी दोन वर्षं हसतेय आणि अजून दमलेली नाही.

मी विज्ञानाचा शिक्षक. रत्नागिरीजवळच्या पालीच्या पुढे आत आमचं गाव, आणि तिथल्याच हायस्कुलात मी सव्वीस वर्षं फळ्यावर जंतू काढतोय. गोल, लांबोडके, मळसूत्री, म्हणाल तसे! माणूस इतकी वर्षं एकच धडा शिकवत राहिला ना, की त्याला वाटायला लागतं, तो धडा त्यानेच लिहिलाय. माझं अगदी तेच झालं होतं.

तर आषाढ चालू होता, भाताची लावणी तोंडावर आली होती. आता शहरातल्या लोकांना सांगायला हवं, की लावणी म्हणजे नुसतं हिरवंगार दृश्य नसतं. शेतात उंदीर मुततात, ते त्या चिखलात उतरतं, आणि त्यातले लेप्टोचे जंतू पायाच्या भेगेतून, खरचटल्यातून थेट रक्तात. म्हणून लावणीच्या दिवसांत आशाताई घरोघर गोळ्या घेऊन फिरतात. आठवड्यातून एकदा, जेवून, घ्यायची. एवढं सोपं!

आमच्या वाडीची आशाताई सुनंदा. माझीच विद्यार्थिनी. हिला मी नववीत भर वर्गात म्हटलं होतं, "सुनंदे, तुझ्या डोक्यात जंतूसुद्धा राहायचे नाहीत. उपाशी मरतील!" वर्ग खदाखदा हसला होता. मीही. आता असल्या मुलीने माझ्या ओटीवर यावं आणि मला गोळी द्यावी?

"सर, गोळी घ्या वो. माज्यासमोर गिळायला लागते."

"सुनंदा, त्वचा म्हणजे काय?"

"कातडी, सर."

"तटबंदी! शरीराची पहिली तटबंदी! ती शाबूत असली की जंतूची काय बिशाद आत यायची? आणि आलाच, तर पांढऱ्या पेशी काय झोपा काढतायत?"

"नाय सर, त्या हायतच. पन गोळी घेतलाव तर त्यांनाबी हातभार लागंल."

हातभार म्हणे! मी असा काही हसलो की बिचारीने मान खाली घातली, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेली. त्या वहीत काय लिहिलं ते मी तेव्हा बघायला हवं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नाही! मला वाडीचं प्रबोधन करायचं होतं ना! तडक रत्नागिरीला गेलो आणि गमबूट आणले. माझ्या मापाचे नव्हते, एक नंबर लहान होते. दुकानदार म्हणाला, "चार दिवस थांबा, मागवून देतो." मी म्हटलं, "रबर आहे, सैल होईल." पदार्थांचे गुणधर्मही मीच शिकवतो, बरं का.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी आमच्या शेतात लावणीला. मी बांधावर उभा, पायात काळे चकचकीत बूट, तोंडात धडा. "गोळ्या कसल्या खाता रे? अडाण्यांनो, पाय झाका! तटबंदी राखा!" सगळे माना डोलावत होते. शेजारच्या काशीआत्या तर हातातला तरवा, भातरोपांची जुडी, तशीच धरून म्हणाल्या, "बरोबर हाय हो बाबा तुजा. शिकलेला मानूस तू." मला काय भरून आलं!

मग मी चिखलात उतरलो. तासाभरात दोन्ही टाचा पेटल्या. दुपारी एका खोल जागी पाय गेला आणि बुटात चिखलपाणी शिरलं. चाललो की आतून पचाक, पचाक. काढावेत का बूट? शहाण्या माणसाने काढले असते. पण समोर सगळी वाडी, आणि सकाळी दिलेलं ते व्याख्यान! संध्याकाळपर्यंत मी उंदराच्या मुताच्या दोन टाक्या पायात घालून हिंडत होतो.

घरी बायकोने, मंगलने, बूट ओढून काढले आणि मोजे बघून ओरडली, "अहो, टाचेची कातडी कुठाय?"

मोज्याला चिकटली होती. तटबंदी!

नऊ-दहा दिवसांनी सणसणून ताप भरला. मंगल म्हणाली, दवाखान्यात चला. मी पांघरुणातून म्हटलं, "ताप म्हणजे आपली फौज लढतेय. लढू दे तिला."

"फौज लढतेय तर तुम्ही का कण्हताय?"

मी कूस बदलली. तिसऱ्या दिवशी डोळे लालबुंद झाले आणि पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की चादर लागली तरी बोंब! तेव्हा मंगलने मला न विचारता सुनंदाला फोन केला. ती आली आणि आल्या आल्या तिने माझी पोटरी दाबली. मी जो काय ओरडलो, खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

"सर, लेप्टो वाटतोय. उठा, रिक्षा हुबी हाय."

"अगं पण माझ्या पांढऱ्या पेशी..."

"सर, त्यांनी ह्यो जंतू पयल्यांदाच बगितलानी. त्याला वळखून त्याच्याजोगी हत्यारं करायला आठवडा तरी जातो. तवर तो मूत्रपिंडात जाऊन बसतो. तुमीच शिकवलाव, नववीला."

रिक्षात मी मान खाली घालून बसलो होतो. वर्गात माझ्यासमोर पोरं बसतात, तसा.

रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला सूज यायला लागलीय, अजून दोन दिवस घरी काढले असतेत तर अवघड होतं. आणि बूट चांगलेच हो, पण मापाचे घालावेत! सलाईन लागली. आणि पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकदम आलं, की अरे, मी बांधावरून सगळ्या वाडीला गोळ्या घेऊ नका म्हणून सांगितलंय! खोटं कशाला बोलू, मी मरणाचा घाबरलो. स्वतःसाठी घाबरलो नव्हतो इतका. काशीआत्यांच्या टाचा तर भेगांनी भरलेल्या.

संध्याकाळी सुनंदा पेज घेऊन आली. मी हळूच विचारलं, "माझं ऐकून किती जणांनी गोळ्या टाकल्या गं?"

"एकानंबी नाय, सर."

"पण सगळे माना डोलवत होते!"

"मास्तर मानूस बोलतोय म्हनून डोलावल्यानी. गोळ्या मी आदल्या दिवशीच सगल्यांना गिळवल्या व्हत्या, आनि फुडच्या आठवड्यालाबी."

सव्वीस वर्षांत माझं कोणी ऐकलं नाही याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं. सुनंदाने पेजेची वाटी पुढे केली आणि अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली, "सर, तुमच्याकडं मात्र जंतू उपाशी नाय मेले हां."

घ्या! इतकी वर्षं जपून ठेवलं होतं पोरीने.

पुढल्या आषाढात ती ओटीवर आली. मी आधीच जेवून, पाण्याचा तांब्या घेऊन बसलो होतो. गोळी गिळली, आ करून दाखवला, जीभसुद्धा उचलली. ती खूण करायला म्हणून वही उघडून बसली आणि माझी नजर मागच्या वर्षीच्या पानावर गेली. वाडीतलं एकूण एक नाव, काशीआत्यांपासून सगळी, आणि पुढे "घेतली", "घेतली", "घेतली". एका नावापुढे फक्त "नकार".

आणि शेजारी, कारणाच्या रकान्यात, सुनंदाच्या सुवाच्य अक्षरात: "विज्ञानाचे शिक्षक आहेत."