महालक्ष्म्यांच्या निऱ्या

मंडळी, आज डोकं फिरलंय. बहीण गेल्यावर तिच्या सासरच्यांनी तिच्या पोराला, गोलूला, माझ्या अन् माझ्या जोडीदाराच्या, सुनीलच्या दारात आणून सोडलं. म्हणले, "हे बी तुमच्यासारखंच नखरेल निघालं, तुम्हीच सांभाळा."

काल शेजारच्या काकूंनी महालक्ष्म्यांना साड्या नेसवायला गोलूलाच बोलावलं. तशा निऱ्या आमच्या गल्लीत कोणालाच जमत न्हाईत. बायका फोटो काढून राहिल्या होत्या.

आज पंगतीला मात्र बोलावणं न्हाई, त्याचं ताट घरी आलं. काकू म्हणल्या, "बाकीची पोरं बिघडतील, समजून घ्या."

समजलं, काकू. देवीला त्याचे हात चालतात, तुमच्या पंगतीला तो चालत न्हाई.

पुरणपोळी खाता खाता गोलूनं विचारलं, "मामा, उद्या साड्या सोडायला मलाच बोलावतील ना?"

बोलावतील, बराबर बोलावतील. पाठवू का?