रेडिएटरपुढच्या वाती

वारजेत आमच्या पार्किंगमध्ये नातीची गाडी उभी असते. तिने त्या गाडीला टर्बो बसवून घेतलाय. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. ताकद वाढते, तशी गरमीही वाढते. मागे खंबाटकीच्या घाटात गाडी तापून बंद पडली, तेव्हा माझा मुलगा लेकीला म्हणाला, "आणखी एकदा तापली की टर्बो काढायचा. विषय संपला."

नातीने मोठा रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी, बसवला, तरी तापमानाचा काटा चढायचाच. मला काही राहवेना. म्हटलं, "अगं, समोरून एवढा वारा येतो, तो जातो कुठे?"

"तेच बघायचंय, आजी. लोकर आहे का? वारा जाईल तिकडे धागे वळतील."

लोकर नव्हती, पण देवासाठी वळलेल्या लांब वाती होत्या. त्या तिने रेडिएटरपुढे ओळीने चिकटवल्या, समोर छोटा कॅमेरा लावला आणि निघाली.

मुलगा म्हणाला, "आता ओवाळा पण गाडीला."

ती फेरी मारून आल्यावर आम्ही व्हिडिओ बघितला. मला वाटलं होतं, वाती जाळीला चिकटून बसल्या असतील. पण अहो, कडेच्या सगळ्या वाती रेडिएटरच्या बाजूच्या फटींकडे वळलेल्या! वारा जाळीत शिरायचं सोडून बाजूने पळत होता. नातीने त्या फटी फोमने बुजवल्या.

रविवारी पुन्हा तोच घाट. मुलगा पुढे बसला, काट्यावर डोळा ठेवून. घाट चढून झाला, तरी काटा मध्यावरच.

"राहू दे टर्बो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "गाडी बाजूला घे. बघू तरी, फोम कुठे लावलाय."