पाण्याच्या गेटावरची अनधिकृत माणसं

पाणी शुद्ध करायच्या केंद्रात एक मोठा हौद असतो. धरणातून आलेलं पाणी त्यात नुसतं उभं राहतं आणि गाळ आपोआप तळाला बसतो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. गेटाचंही तसंच आहे. माणसं येतात, जातात, आणि एकेक किस्सा खाली बसत राहतो. मी अशा गेटावर वीस-बावीस वर्षं काढली. शाळेत कधी गेलो नाही. अक्षरं ओळखायला शिकलो ती गेटावरच्या वहीतून, तीही उशिरा. त्यामुळं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

केंद्र शहराबाहेर, माळावर. शहर तेव्हा चहूबाजूंनी वाढत होतं. वाळूजकडं कारखाने, बायपासला बिल्डिंगा, आणि पाऊस मात्र दोन वर्षं रुसलेला. अशात सरकारचं परिपत्रक आलं. पाण्यात सोडायचा क्लोरीन गॅस आमच्याकडं मोठाल्या पिवळ्या सिलेंडरांत असायचा. आम्ही त्याला टनर म्हणायचो. तो गॅस सुटला तर शेजारची वस्ती आडवी होईल, आणि पाण्यात कुणी काही कालवलं तर सगळं शहर. म्हणून जिथं केमिकल आहे आणि जिथं पाणी आहे, तिथं बंदोबस्त कडक करायचा, असा हुकूम. आमच्याकडं दोन्ही होतं!

हुकमात एक कलम वाईट होतं. वर्षभरात कधीतरी एक अधिकारी वेष बदलून येणार. तो आत शिरला, की गेटवरची माणसं गेटावरून खाली.

माझं काही नव्हतं, माझे हातपाय धड होते. पण माझ्या जोडीला सोपानभाऊ होते. उमर झालेला माणूस, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. आधी ते पाइपलाइनच्या गँगमध्ये खोदकामाला होते. एकदा खड्ड्यात पडले आणि उजवा गुडघा कायमचा गेला, म्हणून गेट मिळालं. गेट गेलं तर परत गँगमध्ये, हातात टिकाव. कलम ऐकून ते एवढंच म्हणाले, "गेटावर खुर्ची हाय. खड्ड्यात कुठली खुर्ची?"

* * *

परिपत्रक आम्हाला जोशी साहेबांनी वाचून दाखवलं. साहेब केंद्राचे इंजिनिअर. माणूस शांत, पण कागदावर लिहिलेलं म्हणजे त्यांच्यासाठी ब्रह्मवाक्य.

"कोणत्याही अनधिकृत व्यक्तीस प्रवेश देऊ नये," साहेबांनी वाचलं.

सोपानभाऊंनी विचारलं, "अनधिकृत म्हंजे कोन, साहेब?"

"ज्याचं इथे काहीच काम नाही, तो."

सोपानभाऊंनी बराच वेळ आतल्या ऑफिसकडं बघितलं. तिथं चार जण उन्हं टळायची वाट बघत चहा पीत होते.

"साहेब," ते म्हणाले, "हा नियम बाहेरून आत येनाऱ्यालाच हाय का आत बसलेल्याला बी?"

साहेबांनी पुढचं कलम वाचायला घेतलं.

* * *

मग गेटावर पाटी आली. पेंटर क्रांती चौकातून आणला होता. त्यानं गेटाच्या दोन्ही फळ्यांवर मिळून मोठ्या लाल अक्षरात लिहिलं, "परवानगीशिवाय आत येऊ नये." डाव्या फळीवर 'परवानगीशिवाय आत' आणि उजव्या फळीवर 'येऊ नये'. दिसायला लई झकास.

टनरचा ट्रक यायचा म्हणून उजवी फळी आम्ही दिवसभर उघडून भिंतीला लावून ठेवायचो. डावी बंद. दोन महिने असं चाललं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि सोपानभाऊंचा चष्मा फुटलेला.

एकदा एक अनोळखी टँकरवाला सरळ आत निघाला. मी आडवा झालो. म्हटलं, "ओ, कुठं चालले? परवानगी कुठंय?"

तो ब्रेक दाबून म्हणाला, "क्या मामू, मजाक करते क्या? तुम्हारेच गेट पे लिखेला है... परवानगीशिवाय आत!"

* * *

ओळखपत्राचा नियम आला तेव्हा पहिल्याच दिवशी जोशी साहेब कार्ड घरी विसरले. सोपानभाऊंनी गाडी अडवली.

"अहो सोपानराव, मी आहे!"

"तुम्ही हाव, ते दिसतंय साहेब. कार्ड दिसत नाय."

साहेबांना राग यायला पाहिजे होता, पण नियम त्यांनीच वाचून दाखवला होता. कार्ड नसेल तर भेटीचा पास करायचा. पासवर अधिकाऱ्याची सही लागते. अधिकारी म्हणजे साहेबच, आणि साहेब गेटाबाहेर. शेवटी मी आत जाऊन पासाचं पुस्तक आणलं. साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवून ते भरलं. नाव भरलं, हुद्दा भरला. मग एका रकान्यापाशी पेन थांबला.

"'कोणास भेटायचे आहे', इथे काय लिहू?"

सोपानभाऊ म्हणाले, "सोतालाच लिवा. पन साहेब जागेवर नाईत म्हनून सांगावं लागंल."

* * *

परिपत्रकात असंही होतं की वारा कुठं वाहतो ते लांबून दिसलं पाहिजे. गॅस सुटला तर माणसांनी वाऱ्याला आडवं पळायचं असतं. म्हणून आमच्या टाकीवर उंच बांबू लावून एक नारंगी कापडी पिशवी बसवली. दोन्ही तोंडं उघडी. वारा आला की फुगायची आणि वाऱ्याच्या दिशेला लांब व्हायची.

तेवढ्यात निवडणूक लागली. आचारसंहितेची जीप फिरत फिरत आमच्याकडं आली. जीपमधला माणूस उतरला, वर बघत राहिला आणि कडक आवाजात म्हणाला, "ते काढा. कोणत्या पक्षाचं आहे?"

"पक्षाचं नाय साहेब," सोपानभाऊ म्हणाले. "वाऱ्याचं हाय. जिकडं वारा, तिकडं तोंड करतं."

"मग पक्षाचंच आहे!" तो म्हणाला, आणि वर पोतं बांधायला लावून गेला.

मतदान होईपर्यंत वारा कुठं चालला ते आम्हाला कळलं नाही. नंतरही कळलं नाही, ती गोष्ट वेगळी.

* * *

गॅस सुटल्यावर काय करायचं ह्याची तालीमही घ्यायची होती. साहेबांनी दिवस ठरवला. दुपारी भोंगा वाजणार, आणि भोंगा वाजला की शेजारच्या वस्तीनं लांब पळून जायचं. वस्तीला आधी निरोप द्यायचं काम एका माणसाकडं होतं. त्यानं निरोप दिला की नाही ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आता वस्तीत तेव्हा टँकर यायचा. टँकर आला की ड्रायव्हर लांबूनच भोंगा द्यायचा.

आमचा भोंगा वाजला. साहेब घड्याळ घेऊन उभे. आणि बघतो तर सगळी वस्ती गेटाकडंच पळत येतेय! बाया, म्हातारी माणसं, हंडे, कळश्या, प्लॅस्टिकचे कॅन. बघता बघता गेटाला रांग लागली. नंबरावरून भांडणंही सुरू झाली.

सोपानभाऊ दुखऱ्या गुडघ्यानं स्टुलावर चढले आणि ओरडले, "बायांनो, मागं पळा! गॅस सुटलाय, गॅस!"

पुढच्या बाईनं हंडा जमिनीवर आपटला. "सुटू द्या तिकडं! आधी नळ सोडा!"

त्या दिवशी शेवटी साहेबांनी आतून पाइप लावून एकेक हंडा भरून दिला. परिपत्रकात तसं काही नव्हतं. वरती पाठवायच्या अहवालात 'वस्तीचा प्रतिसाद' असा रकाना होता. साहेब म्हणजे खोटं लिहिणारा माणूस नव्हे. त्यांनी लिहिलं, "अपेक्षेपेक्षा जलद."

* * *

दिवस जात होते, तसा सोपानभाऊंच्या मनातला वेषांतर केलेला अधिकारी मोठा होत चालला. पोस्टमन आला की ते त्याच्या मिशा बघायचे. खऱ्या का खोट्या! केरसुण्या विकणाऱ्या बाईला त्यांनी एकदा इंग्रजीत "गुड मॉर्निंग" म्हणून बघितलं. उत्तर आलं तर पकडायची. तिनं दोन केरसुण्या गळ्यात मारल्या.

अशात त्यांचा जावई आला. हर्सूलला राहायचा. सासऱ्याला घरच्या कार्यक्रमाचं सांगायला, नवा शर्ट घालून, थेट कामावर. त्याला वाटलं, आत बोलावतील, साहेबांशी ओळख करून देतील.

सोपानभाऊ खुर्चीवरून उठले. "या पावनं. कार्ड?"

"मामा, मी हाय!"

"व्हय, तुम्ही जावई हाव. पन अनधिकृत बी हाव."

जावयानं उन्हात, गेटाबाहेर उभं राहून निरोप सांगितला आणि गाडीला किक मारली. ही बातमी सोपानभाऊंच्या आधी त्यांच्या घरी पोचली. संध्याकाळी दारातच त्यांच्या बायकोनं विचारलं, "कार्ड हाय का? नाय? मग बसा ओट्यावर!"

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "भाऊ, अति व्हायलंय."

ते गुडघा चोळत होते. म्हणाले, "जावई रुसला तर दिवाळीपोत्तर हसंल. गुडघा हसतो का?"



* * *

सोपानभाऊ त्याच गेटावरून, त्याच खुर्चीवरून रिटायर झाले. ते कसं, तेवढं सांगतो आणि थांबतो.

मे महिना होता. शहरात आठवड्यातून एकदा नळ यायचा. पाणी शुद्ध करणाऱ्या आमच्याही घरी तेवढंच. दुपारी एक माणूस मोटरसायकलवर आला. खाकी शर्ट, तेलकट हात, पिशवीत नटबोल्टचे पाने. टनरचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणून फोन आला होता, असं म्हणाला. कार्ड दाखवलं. शिक्का बरोबर, फोटो बरोबर. जोशी साहेबांचं नाव घेतलं. बोलणंसुद्धा इकडचं. "लई ऊन हाय बाप्पा," असं म्हणून त्यानं घाम पुसला. मी गेट अर्धं उघडलंही.

गेटापाशी लिंबाखाली आमचा एक रांजण होता. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचं नाही, कुणाकडून काही खायचं-प्यायचं नाही, असं कलम होतं. त्यामुळं कागदावर तो रांजण नव्हता. पण दारात आलेल्या माणसाला तसंच कसं ठेवायचं? सोपानभाऊंनी वहीत त्याचं नाव लिहून घेता घेता ग्लास भरून दिला.

तो अर्धा ग्लास प्याला. उरलेलं पाणी त्यानं हात झटकून रस्त्यावर फेकलं आणि ग्लास परत दिला.

सोपानभाऊ त्या ओल्या डागाकडं बघत राहिले. ऊन एवढं, की तो डाग बघता बघता वाळला.

"गेट लाव," ते मला म्हणाले.

"आं?"

"लाव म्हनतो ना!"

मी गेट लावलं. तो माणूस चिडला. "काय झालं? कार्ड बघितलं ना?"

"कार्ड बराबर हाय," सोपानभाऊ म्हणाले. "पानी का टाकलं?"

"उरलं म्हणून!"

"आमच्याकडं पानी उरत नसतं. तुम्ही कुठले?"

तो माणूस गाडीकडं वळला. सोपानभाऊंनी मोटरसायकलची किल्ली काढून घेतली आणि मला आत पिटाळलं. मी जाऊन सांगितलं, तसे जोशी साहेब अर्धी बाही वर, अर्धी खाली, असे पळत आले. त्यांनी त्या माणसाचा चेहरा बघितला, मग सोपानभाऊंच्या हातातली किल्ली बघितली आणि तोंडाला हात लावला.

तो मुंबईहून वेष बदलून आलेला अधिकारी होता, साहेबांनी आधी मीटिंगात बघितलेला. इकडची बोली शिकायला म्हणे आठ दिवस लॉजवर राहिला होता.

मोटरसायकलच्या सीटवर टेकून त्यानं पिशवीतून फॉर्म काढला. बोलणंही बदललं. "शाबास. आत जाता आलं नाही. पण इथे 'संशयाचे कारण' असा रकाना आहे. तो रिकामा ठेवता येत नाही. रिकामा ठेवला तर योगायोग धरतात, आणि मग तुम्ही नापास."

"बरं," सोपानभाऊ म्हणाले.

"आणि पाण्याचं लिहिलं, तर तुम्ही अनोळखी माणसाला पाणी दिलंत, हेही लिहावं लागेल. म्हणजे कलम मोडलं. तरीही नापास."

जोशी साहेब जमिनीकडं बघायला लागले. मी रांजणाच्या पुढं जाऊन उभा राहिलो, जसा काही तो लपणारच होता. सोपानभाऊंनी हात मागं नेऊन खुर्चीची पाठ धरली. गुडघ्यावर भार आला की ते तसं धरायचे.

"मग काय लिहू?" अधिकाऱ्यानं पेन उघडून विचारलं. "रकाना लहान आहे. एका ओळीत सांगा."

सोपानभाऊंनी खुर्चीची पाठ सोडली.

"लिवा साहेब," ते म्हणाले, "मानूस दुष्काळातला वाटला नाय."