ऑस्ट्रिया-हंगेरीचं पावणं

कॉलेजात लागले त्या वर्षी युरोपचा इतिहास माझ्या गळ्यात पडला. जुन्या प्राध्यापकांना नको असलेला पेपर नव्या माणसाला द्यायची रीतच होती. फ्रान्स, जर्मनी कसेबसे पार पडले आणि मी ऑस्ट्रिया-हंगेरीत अडकले. सम्राट एक आणि त्याची प्रजा म्हणजे जर्मन, मग्यार, चेक, स्लोव्हाक, पोल, क्रोएट, रुमानियन. मी नावं फळ्यावर लिहीत जायची आणि मुलं जांभया द्यायची. ती माणसं मलाच दिसत नव्हती, तर त्यांना कुठून दिसणार?

एके दिवशी गारगोटीकडची एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील बौद्ध झालेले, दुसऱ्याच्या शेतात राबणारे. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिनं विचारलं, "मॅडम, एवढे लोक होते म्हणता, तर त्यात सगळ्यात खाली कोण होतं?"

पुस्तकात ते नव्हतं. "बघून सांगते," म्हणाले.

घरी आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, ही फजिती सांगितली. आण्णांनी आधी संस्थानच्या कचेरीत आणि विलीनीकरणानंतर त्याच टेबलावर बसून सरकारची कारकुनी केलेली. ते म्हणाले, "वारणानगरला साखर कारखान्यात मशिनं जोडाय एक म्हातारा चेक इंजिनेर आलाय. त्यालाच इचार की. मी येतो संगं."

रविवारी आम्ही एसटीने गेलो. इंजिनियर साठीचे, गोरे, उन्हानं लालबुंद झालेले. व्हरांड्यात बसून शेंगा फोडत होते. माझा विषय ऐकल्यावर त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "मी त्याच राज्यात जन्मलो," ते म्हणाले. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, माझंही बेताचंच, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

त्यांनी खिशातून दहाची नोट काढली आणि तिच्यावरच्या भाषांच्या ओळींवर बोट ठेवलं. "आमच्या नोटांवरही असंच असायचं. किंमत कितीतरी भाषांत लिहिलेली." आण्णांनी नोट हातात घेऊन मराठी शोधली, मग कन्नड शोधलं. त्यांची आई निपाणीकडची होती. "दोनी हायत," ते समाधानानं म्हणाले.

मी त्या मुलीचा प्रश्न विचारला.

"माझी आजी," इंजिनियर म्हणाले. "ती स्लोव्हाक. जमीनदाराच्या शेतावर मजुरी करायची. तिची भाषा शाळेत नव्हती, कचेरीत नव्हती. ती बोलायला लागली की कारकून मान वर करून बघायचासुद्धा नाही."

मी हे मराठीत सांगितल्यावर आण्णा शेंगांच्या टरफलांकडे बघत राहिले. तेही कारकूनच होते.

"राज्य गेलं त्या दिवशी मी सहा वर्षांचा होतो," इंजिनियर पुढे म्हणाले. "आजीनं भट्टी पेटवून गोड पाव केले. आजोबा एके काळी सम्राटाच्या फौजेत होते, ते कोपऱ्यात बसून रडत होते. आजीनं त्यांच्याही हातात पाव दिला. रडत रडत त्यांनी तो खाल्ला."

आण्णा हसायला लागले. "पावण्यास्नी सांग, आमच्यात बी तसंच झालं. संस्थान गेलं तवा मी रडत घरी आलो. तुझी आई म्हनाली, रडा, पन आदी पगार कोन देनार ते इचारून या."

मी सांगितलं तसे इंजिनियर एवढे हसले की आतून स्वयंपाकी बघायला आला. मग दोघा म्हाताऱ्यांनी मला मध्ये बसवून तासभर बोलून घेतलं. फौजेत हुकूम तेवढे जर्मनमध्ये आणि शिव्या ज्याच्या त्याच्या भाषेत, हे कळल्यावर आण्णांनी त्या शिव्या मागितल्या. इंजिनियर सांगायला तयार होते. मी भाषांतराला नकार दिला.

निघताना इंजिनियर म्हणाले, "त्या मुलीला सांगा, मला आजवर आजीबद्दल कुणी विचारलं नव्हतं."

सोमवारी वर्गात मी नोट्स उघडल्याच नाहीत. आजी, तिची भट्टी, कोपऱ्यातले आजोबा, सगळं सांगितलं. मागच्या बाकावरची मुलंही वर बघायला लागली. एक कागलचा पोरगा म्हणाला, "आमच्या घरात आजी कानडीतच भांडती, मॅडम. आमी मराठीत ऐकून घेतो." वर्ग हसला आणि मग जो तो आपापल्या घराचं सांगायला लागला. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना.

गारगोटीची ती मुलगी मात्र वही पुढ्यात घेऊन बसली होती. "मॅडम, परीक्षेत आजीचं लिहिलं तर चालंल का?"

"लिही," मी म्हणाले. "पण आधी ते राज्य मोडल्यावर झालेल्या तहाची कलमं लिही."

तिनं दोन्ही लिहिलं. बी.ए.ला तिनं इतिहासच घेतला, पुढे गारगोटीच्या शाळेत शिकवायला लागली. मीही त्या वर्षापासून तो धडा सम्राटापासून सुरू करायचा सोडला.