शाळेला कबूल केलेलं बर्फ

माझी पोस्टिंग अंटार्क्टिकाला निघाली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड ड्रायव्हर-मेकॅनिक. शिक्षण तिसरी. सुभेदारसाहेबांनी ऑर्डर दोनदा वाचून दाखवली आणि विचारलं, "केंद्रे, कुठं आहे हे, माहीत आहे का?" मी म्हटलं, "तिथं गाडी चालत असेल तर मी जातो." नंतर नकाशात बघितलं. अगदी तळाला एक पांढरी पट्टी होती. तिच्यावर एकाही गावाचं नाव नव्हतं.

मी जळकोटकडचा. तेव्हा जळकोटला तालुका नव्हता. लातूर मात्र नवाच जिल्हा झाला होता. सरकारी पाट्यांवर उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलं होतं, तरी खालचं जुनं नाव दिसायचं. पाऊस दोन वर्षं धड झाला नव्हता. आमच्या गावात दोन आड होते. कोणता कुणाचा ते सांगायला नको. त्या साली दोन्हींनी तळ दाखवला.

तिकडं जाणाऱ्या तुकडीत मराठवाड्याचे आम्ही दोघंच. दुसरा नाईक प्रल्हाद सोनकांबळे, लोह्याजवळच्या खेड्यातला. दहावी पास. साहेब इंग्रजीत बोलले की त्याला माझ्याआधी कळायचं, म्हणून सुरुवातीला मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. तो मला दादा म्हणायचा. मी त्याला सोनकांबळे म्हणायचो. जहाजावर समुद्र लागला तेव्हा त्यानं दोन दिवस माझं डोकं धरलं. त्यानंतर मी त्याला प्रल्हाद म्हणू लागलो.

निघण्याआधी तो रजेवर गावी गेला होता. गुरुजींनी त्याला शाळेत बोलावलं. पोरांनी नाही नाही ते विचारलं. तिथं वाघ हाय का, शेतं हायत का, पोस्ट हाय का. शेवटी चौथीतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, "काका, आपल्याकडं पाऊस का पडत न्हाई, ते तिथं कळंल का?" प्रल्हाद विचारून येतो म्हणाला. आणि येताना तिथलं बर्फ घेऊन येतो, असंही कबूल करून बसला. मला त्यानं हे जहाजावर सांगितलं. मी म्हटलं, "येड्या, बर्फ कुठं लोह्यापर्यंत टिकतं का?" तो म्हणाला, "शब्द दिलाय दादा."

तिथलं काम सोपं नव्हतं पण ठरलेलं होतं. जनरेटर बघायचा. गाड्यांची इंजिनं गरम ठेवायची. गाड्यांना चाकं नव्हती, रणगाड्यासारखे पट्टे होते. पाण्यासाठी रोज बर्फ तोडून आणायचं आणि मोठ्या भांड्यात वितळवायचं. एकच भांडं. साहेब, जवान, शास्त्रज्ञ, सगळे त्यातलंच पीत होते. प्रल्हाद पहिल्या दिवशी पेला हातात धरून त्या भांड्याकडं थोडा वेळ बघत उभा राहिला. मीही बघतच होतो.

पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघांनी चूक केली. अंघोळीचं आणि भांडी धुतलेलं पाणी टाकून द्यायचा हुकूम होता. आमच्याच्यानं ते होईना. चारी बाजूंनी बर्फ, पण बादली उलटी करताना हात अडायचा. आम्ही ते सांडपाणी बाहेर एका ड्रममध्ये साठवलं. सकाळी ड्रम फुटून दोन फाका. मेजरसाहेबांनी विचारलं, हे पाणी कशासाठी ठेवलं होतं. प्रल्हाद सावधान उभा राहून म्हणाला, "सर, आमच्याकडं हे पाणी झाडाला घालतात." साहेबांनी चौफेर बघितलं. म्हणाले, "सोनकांबळे, झाड दिसलं की मला रिपोर्ट कर." त्या दिवसापासून मेसमध्ये आमचं नाव बागवान पडलं.

आमच्याबरोबर पुण्याकडचे एक शास्त्रज्ञ होते. आम्ही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचो. डोंगराच्या पायथ्याला निळं बर्फ आहे, तिथं खोल दबलेलं जुनं बर्फ वर येतं. तिथं पोकळ गिरमिटानं ते बर्फाचे दांडे काढायचे, हात-हात लांबीचे. गाडी माझी, गिरमिट धरायला प्रल्हाद. एकदा प्रल्हादनं त्यांना त्या पोरीचा प्रश्न विचारला. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "एका वर्षाचा पाऊस का चुकला, हे मला या बर्फावरून सांगता येणार नाही. खोटं कशाला सांगू? पण पृथ्वी किती वेळा थंड झाली, किती वेळा तापली, ते यात आहे." मग त्यांनी दांडा उजेडात धरला. आत बारीक बुडबुडे होते. म्हणाले, बर्फ पडताना त्याच्यात हवा अडकते. हा बुडबुडा म्हणजे हजारो वर्षांपूर्वीची हवा. तेव्हा एकही गिरणी नव्हती, एकही मोटार नव्हती. ही हवा आणि आजची हवा तोलून बघितली की माणसानं किती धूर मिसळला आणि त्यानं पृथ्वी किती तापेल, याचा अंदाज येतो.

प्रल्हाद म्हणाला, "आड खणल्यासारखंच की सर. आधी काळी माती, मग मुरूम, मग खडक."

"तसंच. फक्त हा आड हवेचा आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले, आणि तुटका एक तुकडा चहाच्या पेल्यातल्या कोमट पाण्यात टाकला. मग पेला कानाशी धरायला दिला. आत तडतड चालली होती, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटतात तशी. जुनी हवा बाहेर पडत होती. प्रल्हादनं पेला कानापासून काढलाच नाही. म्हणाला, "दादा, हे पोरांला ऐकवायचं."

डॉक्टरसाहेबांनी त्याला दांड्याचं एक टोक दिलं, नारळाएवढं. तपासणीला ते उपयोगाचं नव्हतं. प्रल्हादनं ते रुंद तोंडाच्या मोठ्या थर्मासमध्ये घातलं आणि थर्मास माझ्या सीटमागं बांधला.

त्या खेपेला परतताना हवा बिघडली. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, पण वारा सुटला की जमीन आणि आभाळ एक होतं. गाडीत मी आणि डॉक्टरसाहेब. मागं स्लेज, तिच्यावर दांड्यांच्या पेट्या. प्रल्हाद कमरेला दोर बांधून पुढं चालत होता आणि काठीनं बर्फ टोचून बघत होता. बर्फात भेगा असतात, क्रेव्हास म्हणतात. वरून पातळ बर्फाचं झाकण असतं, खाली तळ नसतो. त्यानं वाट दाखवली त्यावरून गाडी गेली. स्लेज थोडी तिरकी आली आणि झाकण फुटलं.

स्लेज आत गेली आणि गाडीला मागं ओढू लागली. मी गिअर टाकला. पट्टे नुसते फिरत होते. आरशात मला प्रल्हाद धावत मागं जाताना दिसला. दोर गाडीच्या पुढच्या हुकात होता आणि तेवढा लांब नव्हता. त्यानं कमरेचा दोर सोडला. मी ओरडलो, "प्रल्हाद, दोर." त्यानं वर बघितलं नाही. दोन लाथा मारून त्यानं गाडी आणि स्लेजच्या जोडाची पिन उडवली. गाडी झटक्यानं पुढं आली. मी उतरून मागं गेलो तेव्हा तो उभा होता तो काठ नव्हता.

मी पालथा पडून हाका मारल्या. दोर खाली सोडला, होता तेवढा. खाली निळा अंधार होता. आवाज आला नाही.

डॉक्टरसाहेबांनी रेडिओ लावला. बेसवरून मेजरसाहेबांनी जागा विचारली, मग हवा सांगितली. मोठं वादळ येत होतं.

"केंद्रे, गाडी घेऊन परत ये. ओव्हर."

मी म्हटलं, "सर, एक माणूस खाली आहे. मी थांबतो. ओव्हर."

"तुझ्या गाडीत अजून एक माणूस आहे. ही ऑर्डर आहे. ओव्हर."

मी हट्टी माणूस आहे, घरचे आजही सांगतील. पण त्या दिवशी मी गाडी चालवली. चार दिवसांनी वादळ थांबलं तेव्हा आम्ही दोरांचं सगळं सामान घेऊन परत गेलो. भेग मिटली होती. सगळं सपाट, पांढरं. काठ्या टोचून दोन दिवस शोधलं. मग मेजरसाहेबांनी टोपी काढली.

सगळे दांडे गेले होते. डॉक्टरसाहेबांची सगळ्या मोसमाची मेहनत. उरला तो थर्मासमधला एकच तुकडा. त्यांनी तो काढून हातात घेतला, बराच वेळ बघितला, परत आत ठेवला आणि झाकण लावून माझ्याकडं दिला. "हे मुलांचं आहे, केंद्रे. पोहोचलं पाहिजे."

जहाजावर तो कोल्ड स्टोअरमध्ये होता. गोव्याला उतरलो तेव्हा ऊन भाजत होतं. मी लाकडी पेटीत भुसा भरला, मध्ये थर्मास ठेवला, भोवती कारखान्याचं बर्फ. मिरजेला ते बदललं. तिथून छोट्या रेल्वेनं लातूर. ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत कशी चालायची ते जुन्या माणसांना माहीत आहे. लातूरला उतरून बर्फाच्या कारखान्यावर गेलो तर दाराला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "प्यायला पानी न्हाई, बर्फ कुठलं सायेब? कलेक्टरनं बंद करायला लावलंय." थर्मास उघडून बघितला. नारळाचं लिंबू झालं होतं.

नांदेडची एसटी धरली. पेटी मांडीवर. चाकूरच्या पुढं पेटीतून थेंब गळू लागले. कंडक्टर म्हणाला, "ओ मिलिटरी, काय हाय ह्यात? गळून राहिलं." मी बर्फ म्हटलं. शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती. तिनं पिशवीतून फुलपात्र काढलं आणि त्या थेंबाखाली धरून बसली. मग मागून एक तांब्या आला. कुठून आणलं म्हणून लोकांनी विचारलं, मी सांगितलं. एक जण म्हणाला, "सरकारचं डोकं बघा. तिथं एवढं बर्फ हाय आन् आपल्याला टँकर धाडतेत उदगीरहून." सगळी गाडी हसली. शिरूर ताजबंदला माझ्या गावाचा फाटा आला. वर्ष-दीड वर्षात घर बघितलं नव्हतं. मी उतरलो नाही. म्हातारी अहमदपूरला उतरली. फुलपात्र तिनं पदराखाली झाकून नेलं.

खेड्यात पोहोचलो तेव्हा शाळा चालू होती. प्रल्हादच्या आईला, गिरजामायला, कुणीतरी बोलावून आणलं. तार तिला कधीच पोहोचली होती. ती दाराशी उभी राहिली. गुरुजींनी ग्लास आणला, पण शाळेच्या रांजणात पाणी नव्हतं. गिरजामाय घरी गेली आणि तांब्या घेऊन आली. तांब्या पुढं करताना ती अडखळली. माझं आडनाव तिला माहीत होतं. मी म्हटलं, "माय, आधी मला पाजा. मग ग्लासात वता." मी पोटभर प्यालो. मग थर्मास उघडला.

सुपारीपेक्षा थोडा मोठा तुकडा उरला होता. ग्लासात टाकला. पोरं गप्प झाली आणि तडतड सुरू झाली. मी ग्लास एकेका कानाशी नेला. ती पोरगी आता पाचवीत होती. मी तिला सांगितलं, "पाऊस का पडत न्हाई ते ह्या बर्फाला न्हाई सांगता येत, बाई. पर ह्यात लई जुनी हवा हाय, धूर लागायच्या आधीची. ही हवा बघून शास्त्रज्ञ पुढचं सांगतेत. प्रल्हादकाकानं विचारून ठेवलंय."

शेवटी ग्लास गिरजामायच्या कानाशी धरला. आवाज बारीक झाला होता. तिनं डोळे मिटून तो संपेपर्यंत ऐकला. मग विचारलं, "माझं लेकरू तिथंच राहील का मग?"

जहाजावर हेच मी डॉक्टरसाहेबांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं तेच मी तिला सांगितलं. "बर्फ एका जागी राहत न्हाई, माय. चालतं. लई हळू, पर समुद्राकडं चालतं. एक दिवस त्याला घेऊन समुद्रात येईल."

"कवा?"

"तवा आपण नसू. पोरांची पोरं बी नसतील."

ती म्हणाली, "नसू दे. येऊन राहिलाय नव्हं? बास झालं."

ग्लासातलं पाणी तिनं फेकू दिलं नाही. शाळेच्या दारात पिंपळाचं रोप लावलं होतं, वाळायला आलेलं. तिनं ते पाणी त्याच्या बुडाशी घातलं. मला मेजरसाहेबांची आठवण झाली. झाड दिसलं की रिपोर्ट कर म्हणाले होते. पुढं मी त्यांना पोस्टकार्ड टाकलं. तिसरी शिकलेल्याच्या हातचं, दोन ओळींचं.

गिरजामाय जाऊन बरीच वर्षं झाली. पिंपळाची सावली आता शाळेच्या पत्र्यावर पडते. गुरुजी बदलले तरी शाळा मला दरवर्षी बोलावते, मी जातो. आताची पोरं मोबाईलवर सगळं बघून येतात. मागच्या साली एकानं विचारलं, "आजोबा, पृथ्वी तापल्यामुळं तिथलं बर्फ आता जोरात समुद्राकडं सरकतंय म्हणतेत. खरंय का?"

मी म्हटलं, खरं आहे. डॉक्टरसाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं, धूर वाढला तर असं होईल. मग फळ्याजवळच्या प्रल्हादच्या फोटोकडं बोट केलं. युनिफॉर्ममधला फोटो आहे, नाईकाच्या दोन पट्ट्या दंडावर. पोरांना सांगितलं, तुम्ही शिकलेले आहात, पुढं काय करायचं ते तुम्हाला जास्त कळेल. माझं एवढंच म्हणणं आहे. तो माणूस निघालेला आहे. त्याला त्याच्या चालीनं येऊ द्या. घाई करू नका.