पूजा नव्या ट्रॅक्टरची, किल्ली भावाची

आज जुना छोटा ट्रॅक्टर लोडरसकट एक्सचेंजमध्ये देऊन नवा आणला, त्यालाही पुढे लोडर आहे. जुन्याचा लोडर उचलला की हळूहळू खाली बसायचा. मिस्त्री म्हणाले, पंप बदला. मी फक्त सिलिंडरचे सील बदलले आणि पुढे दोन वर्षं त्याच लोडरने शेणखत भरलं.

दारात पूजा झाली. आरतीचं ताट माझ्या हातात आलं, किल्ली धाकट्या भावाच्या. मी वडिलांकडे पाहिलं.

"तू उद्या सासरी जाशील. टॅक्टर काय संगं नेती का?" ते म्हणाले. सगळे हसले.

तासाभरात भावाची हाक आली, "ताई, लोडर उचलंना. बघ की जरा."

लिव्हरचं लॉक काढलेलंच नव्हतं. मी काढून दिलं. तो सीटवर बसला, वडिलांनी त्याचा फोटो काढला.

तुमच्याकडे किल्ली कोणाला देतात, आणि अडलं की हाक कोणाला मारतात?